अठरा पेन्सचं पाणी

जुलै 1742, ऐन उन्हाळ्यातली लंडनची रात्र. सेंट मार्टिन्स चर्चच्या परिसरात झिंगलेले शिपाई ‘बेशिस्त’ लोकांच्या धरपकडीला निघाले आणि रस्त्यात दिसेल ती बाई उचलू लागले. 25-26 जणी जमल्या, तशा त्यांना राउंडहाउसमध्ये कोंबलं आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. आत हलायला जागा नव्हती. बायका पाण्यासाठी ओरडत राहिल्या. एक म्हणाली, माझ्यापाशी 18 पेन्स आहेत, ते घ्या पण घोटभर पाणी द्या. कुणी दिलं नाही. सकाळी दार उघडलं तर चौघी गुदमरून मेलेल्या होत्या. दोघी नंतर गेल्या. मेलेल्यांत एक गरोदर परटीण होती. धुणं आटपून उशिरा घरी निघाली होती, एवढाच तिचा गुन्हा.

हे सगळं होरेस वॉलपोलच्या पत्रात आहे. तो माजी पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलचा मुलगा. गरिबांचा कैवारी वगैरे मुळीच नव्हे. पण त्याच रात्री कॉव्हेंट गार्डनच्या एका स्नानगृहातून काही उमरावही पकडले गेले होते. ते कोठडीत गेले नाहीत, कारण त्यांची ऐपत 18 पेन्सच्या वर होती, असा टोला त्याने मारला आहे. तो नेमका वर्मी बसतो. राउंडहाउस म्हणजे वस्तीची रात्रीपुरती कोठडी, सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करेपर्यंतची. पण ती राखणाऱ्याची कमाई आत आलेल्यांच्या खिशातून होई. पैसेवाल्याला बसायला जागा आणि दारूही मिळे. भिकारणीला तळातली कोंदट खोली.

या बायकांना धरायला चोरी-मारामारी लागतच नव्हती. पुढे दोनच वर्षांनी, 1744 च्या भटकेविरोधी कायद्याने तर भिकारी, परवान्याविना खेळ करणारे नट, भविष्य सांगणारे, उघड्यावर किंवा गोठ्यात झोपून स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा न देऊ शकणारे, सगळे एका दावणीला बांधले. वर अशा भटक्याला पकडून देणाऱ्याला 10 शिलिंग बक्षीस! उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस हिंडतो आहे, हेच पकडायला कारण, ही कल्पना पुढे आपल्याकडेही आली. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातली ‘भीक मागणे’ची व्याख्या काढून पाहावी.

राउंडहाउसचा रखवालदार विल्यम बर्ड याच्यावर ओल्ड बेलीच्या कोर्टात खुनाचा खटला चालला. फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि मग ती बदलून काळ्या पाण्याची झाली. एवढी तरी शिक्षा झाली, कारण शहर खवळलं होतं. 14 वर्षांनी कलकत्त्याच्या ‘ब्लॅक होल’ कोठडीत इंग्रज कैदी असेच गुदमरले. त्यातल्या मृतांच्या आकड्यावर अजून वाद आहेत, पण त्यांचं स्मारक झालं आणि बंगालचा नवाब सिराजउद्दौला याचं क्रौर्य शाळेच्या पुस्तकांत पिढ्यान् पिढ्या घोकलं गेलं. सेंट मार्टिन्सच्या बायका त्या पुस्तकांत नव्हत्या.

तरी असं एका रात्रीत मरणं विरळाच. कोठडीत मेलेले भटके सहसा सावकाश मेले, सुधारगृहांत, म्हणजे ब्राइडवेलमध्ये. बेडफर्डशायरचा शेरीफ जॉन हॉवर्ड 1773 पासून तुरुंगामागून तुरुंग पाहत फिरला. 1777 साली त्याचं पुस्तक आलं. काही ब्राइडवेलमध्ये कैद्याला अन्नाचा शिधाच नव्हता, हे त्याने नोंदवलं. घरच्यांनी आणलं तर खायचं. भटक्याचं घर कुठे? खिडक्यांवर कर होता आणि तो तुरुंगाधिकाऱ्याला स्वतःच्या पदरचा भरावा लागे. मग काय, खिडक्याच बुजवल्या. त्या बंद हवेत उवांवाटे पसरणारा तुरुंगाचा ताप, म्हणजे टायफस, फोफावला. फासावर जेवढे गेले त्याहून जास्त या तापाने नेले, असा हॉवर्डचा हिशेब.

कोठडीत मेलेल्याची कॉरोनरने चौकशी करावी असा नियम होता. प्रेत बघायचं, ज्युरी बसवायची, निकाल लिहायचा. ‘देवाची करणी’ हा निकाल सोयीचा असे. त्यात उपाशी ठेवणारा कुणी नसतो, खिडकी बुजवणाराही नसतो. 1752 पासून कॉरोनरला दर चौकशीमागे 20 शिलिंग मिळू लागले. तुरुंगातल्या मृत्यूपुरता मात्र अपवाद होता: तिथे 20 शिलिंगांच्या आत किती द्यायचे ते जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटांनी ठरवायचं. आणि भटक्यांना ब्राइडवेलमध्ये धाडणारे हेच मॅजिस्ट्रेट.