अपस्मार आणि मेंदूतील दाह : संशोधन व वास्तव

आमच्या चेंबूर येथील रुग्णालयात अपस्माराच्या, म्हणजेच फेफऱ्याच्या रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात की, आकडीमुळे मेंदूला इजा होते काय, आणि ती टाळणारे औषध आहे काय? विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी या प्रश्नाचे आजवर हाती आलेले उत्तर येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

एक-दोन मिनिटांत आपोआप थांबणाऱ्या आकडीमुळे सहसा मेंदूची कायमची हानी होत नाही. परंतु पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ टिकणारी आकडी ही तातडीची अवस्था होय. ती अर्धा तास लांबल्यास मेंदूतील पेशी मरण्याचा धोका असतो. शिवाय आकडी थांबली तरी हानी तेथेच थांबते असे नाही. पायात काटा रुतल्यावर भोवतीची जागा लाल होऊन सुजते, तसाच दाह मेंदूतही निर्माण होतो व पुढील काही दिवस टिकू शकतो. हाच दाह पुन्हा आकडीस पोषक ठरतो.

हे चक्र तोडण्याचे प्रयत्न सुरू आहेत. इटलीतील मिलान येथील मारियो नेग्री संस्थेच्या अ‍ॅनामारिया वेझ्झानी व सहकाऱ्यांनी २००० साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, 'इंटरल्युकिन-१' या दाहकारक द्रव्याचा परिणाम रोखल्यास आकड्या कमी होतात. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दीर्घ आकडी सुरू झाल्यानंतर चार तासांनी दाहरोधक द्रव्य देऊनही उंदरांमधील मृत्यू व मेंदूतील दाह घटला.

मात्र यावरून कोणीही घरातील वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. दाहशामक औषधांचेही दुष्परिणाम असतात. 'रोफेकॉक्सिब' हे औषध हृदयविकार व पक्षाघाताचा धोका आढळल्याने २००४ मध्ये उत्पादकांनी जगभरातून मागे घेतले. प्राण्यांवरील यश म्हणजे रुग्णांसाठी सिद्ध झालेला उपचार नव्हे.

आपल्या देशात एका आजारात मात्र दाहशामक औषधाचा उपयोग प्रस्थापित आहे. तो म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत गाठी होणे. हा कृमी डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येतो. पण त्याची अंडी बाधित माणसाच्या मलातून पाणी, कच्च्या भाज्या वा न धुतलेल्या हातांवाटे पसरतात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी व्यक्तीही यातून सुटत नाही. अल्बेंडाझोलने अळी मरू लागली की भोवती दाह वाढतो, म्हणून सोबत स्टेरॉइड दिले जाते. गाठी अनेक असल्यास वा डोळ्यात असल्यास हाच उपचार धोक्याचा ठरू शकतो. म्हणून मेंदूचा स्कॅन व नेत्रतपासणी आधी करणे आवश्यक असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण आकडीमुक्त जीवन जगू शकतात. आज उपलब्ध असलेले मेंदूचे सर्वांत खात्रीचे संरक्षण म्हणजे रोजची गोळी न चुकविणे. ती अचानक बंद केल्यास दीर्घ आकडीचा धोका वाढतो. पुष्कळ कुटुंबांत गोळी थांबते ती बरे वाटू लागल्यामुळे किंवा महिनाअखेरीस पैसे संपल्यामुळे. पहिल्या कारणासाठी आम्ही कुटुंबीयांना विनंती करतो की, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये. दुसऱ्या कारणासाठी देणगीदारांचे साह्य मोलाचे आहे. नवे औषध येईल तेव्हा येईल; हाती असलेले औषध पैशांअभावी कोणाचे थांबू नये, हीच आमची नम्र अपेक्षा.