पृष्ठलेप आणि बोल्टमधील ताण : टॉर्क-ताण संबंधाचा विचार

यंत्रे, पूल व पोलादी सांगाडे यांतील जोडणी घट्ट राहते ती बोल्टमध्ये निर्माण झालेल्या ताणामुळे. हा ताण प्रत्यक्ष मोजणे अवघड असल्याने कार्यशाळेत पान्याने टॉर्क मोजला जातो व त्यावरून ताणाचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज पृष्ठलेपामुळे कसा चुकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टॉर्क म्हणजे गुणक, व्यास व ताण यांचा गुणाकार. पाठ्यपुस्तकांत गुणकाची ०.२० ही किंमत इतक्या सवयीने दिली जाते की विद्यार्थी तिला पोलादाचा गुणधर्मच समजतो. वस्तुतः तो घर्षणाचा हिशेब आहे. टॉर्कपैकी सुमारे ५० टक्के भाग नटाखालील व ४० टक्के आट्यांतील घर्षणात खर्ची पडतो. ताणासाठी जेमतेम १० टक्के उरतो.

१२ मिलिमीटर व्यासाचा, ८.८ श्रेणीचा बोल्ट घेऊ. कायमचा न लांबता त्याने पेलावयाचा भार सुमारे ४८.९ किलोन्यूटन. त्याच्या ७५ टक्के, म्हणजे ३६.७ किलोन्यूटन ताणासाठी ०.२० गुणकाने ८८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. वंगणयुक्त लेपाने गुणक ०.१२ झाला, तर तोच टॉर्क ६१ किलोन्यूटन ताण देऊ पाहील. बोल्ट कायमचा लांबेल, कदाचित तुटेल. खरखरीत जस्तलेपामुळे गुणक ०.२५ झाला, तर ताण २९ वर थांबेल आणि कंपनांनी जोड सैल होण्याचा धोका वाढेल. पान्यावरील आकडा मात्र तिन्ही वेळा तोच!

वितळलेल्या जस्तात बुडवून लेपलेल्या बोल्टांच्या नटांना रंगीत वंगण लावतात ते यासाठीच. रंगामुळे वंगण लावल्याचे डोळ्यांना दिसते. मोटार उद्योगात प्रश्न वेगळ्या वाटेने आला. युरोपीय संघात गंजरोधक लेपांतील षट्संयुजी क्रोमियमला असलेली सवलत १ जुलै २००७ रोजी, तर चासीच्या नट-बोल्टांपुरती १ जुलै २००८ रोजी संपली. त्रिसंयुजी क्रोमियमच्या लेपाचे घर्षण निराळे असल्याने त्यावर घर्षण नियंत्रित करणारा वरचा थर द्यावा लागला.

लेप बदलला की टॉर्कचा तक्ताही बदलावयास हवा. त्यासाठी आयएसओ १६०४७ या मानकानुसार नमुना बोल्टांवर टॉर्क व ताण एकाच वेळी मोजता येतात. पोलादी बांधकामात नट ठरावीक अंशांत फिरविण्याची पद्धत वापरल्यास घर्षणाचा प्रभाव बराच कमी होतो, कारण तेथे बोल्टची लांबीतील वाढच नियंत्रित केली जाते. वापरलेले लेपित बोल्ट पुन्हा बसविताना मात्र नव्या बोल्टचा गुणक गृहीत धरू नये. पहिल्याच आवळणीत आट्यांवरील लेप खरवडलेला असतो.