डोंगर कुणाचा, गवत कुणाचं?

हिवरे बाजारला येणारे पाहुणे समतल चर पाहतात, बंधाऱ्यावर उभं राहून फोटो काढतात आणि परततात. या गावाचं खरं काम झालं ते ग्रामसभेत, आणि तिथल्या वादावादीचे फोटो कुणाकडे नाहीत.

नगर तालुक्यातलं हे अवर्षणप्रवण गाव. वर्षाचा पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, धडधाकट माणसं कामासाठी बाहेर पडली, मागे दारू आणि भांडणं उरली. एखाद्या कर्मचाऱ्याला शिक्षा करायची तर त्याची बदली इथं व्हायची, हे आजही तिथं सांगितलं जातं. एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. पाण्याच्या आधी त्यांनी शाळेला हात घातला. पोरांच्या शाळेसाठी एकत्र आलेलं गाव पुढे चर खोदायलाही एकत्र येतं, हा हिशेब पक्का होता.

कसोटी लागली ती चराईबंदीच्या वेळी. जमीनदाराचं बंदीनं फारसं अडत नाही, त्याच्या बांधावर वैरण असते. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीनानं काय करायचं? बंदी फक्त गरिबावर लादली असती, तर रात्री कुंपण तुटलंच असतं. म्हणून तोडगा निघाला: डोंगरावर जनावर सोडायचं नाही, पण वर्षाला 100 रुपये भरून विळ्यानं गवत कापून न्यायचं. गवतात ज्याचा वाटा, तोच त्याचा राखणदार झाला. जनावरं गोठ्यात बांधली गेली आणि दिवसाला जेमतेम 150 लिटर दूध काढणारं गाव पुढे 4000 लिटरच्या आसपास पोचलं.

पाण्याचंही तसंच. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे मांडली जाते. आधी माणसं आणि जनावरं, मग उरलेल्या पाण्यावर पिकं ठरतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो खोल बोअर मारून शेजाऱ्याची विहीर कोरडी करू शकतो. बोअरबंदीचा नियम त्याचाच हात धरतो. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यात टँकर फिरत होते, तेव्हा या गावाला टँकर लागला नाही.

पर्यावरणाचा प्रश्न आपण माती आणि पाण्यापुरता पाहतो, तिथंच चुकतो. झीज कुणी सोसायची आणि फायदा कुणाच्या घरात जायचा, याचा निवाडा झाल्याशिवाय एकही झाड टिकत नाही. हिवरे बाजारहून परतताना चरांची मापं जरूर घ्या. पण आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत भूमिहीनांना पहिल्या रांगेत बसवा आणि डोंगराचं काय करायचं, हे आधी त्यांना विचारा.