प्रस्ताव १३ (कॅलिफोर्निया)

घरमालकांवरील मालमत्ता कराचा भार मर्यादित करण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी ६ जून १९७८ रोजी मंजूर केलेली संविधान-दुरुस्ती. हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होत. तिच्या बाजूने सु. ६५% मते पडली.

मालमत्ता कर उत्पन्नावर नव्हे, तर मालमत्तेच्या मूल्यावर आकारला जातो. घराची किंमत वाढली, तरी ते विकेपर्यंत मालकाच्या हाती पैसा येत नाही. कर मात्र दरवर्षी रोख भरावा लागतो. १९७० नंतर कॅलिफोर्नियातील घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या, तेव्हा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना स्वतःचे कर्जमुक्त घर राखणेही कठीण झाले. या संकटाचे एक मूळ एका सुधारणेतच होते. पूर्वी स्थानिक मूल्यनिर्धारक अधिकारी राहत्या घरांचे मूल्य बरेच कमी धरीत. लाचलुचपतीची प्रकरणे उघडकीस आल्यावर १९६६ च्या कायद्याने सर्व मालमत्तांची आकारणी बाजारभावाच्या एकाच प्रमाणात (२५%) करणे बंधनकारक झाले. त्यामुळे मनमानीला आळा बसला, पण घरमालकांचा अनौपचारिक आसराही गेला आणि बाजारभावातील वाढ थेट करात उतरू लागली.

या दुरुस्तीने कराची कमाल मर्यादा करपात्र मूल्याच्या १% ठरविली. मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेले आणि त्यातील वार्षिक वाढ २ टक्क्यांपुरती सीमित केली. मालमत्ता हस्तांतरित झाल्यास बाजारभावाने नवे मूल्यांकन होते. राज्याचे कर वाढविण्यास विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक ठरले. स्थानिक संस्थांचे या करापासूनचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. ती तूट प्रारंभी राज्याच्या शिलकीतून भरून काढण्यात आली. परिणामी स्थानिक कारभाराची सूत्रे बव्हंशी राज्याकडे गेली, हे करविरोधकांना अभिप्रेत नसावे.

जुन्या मालकाला मिळालेले संरक्षण नव्या खरेदीदाराच्या वाट्याला येत नाही. लॉस अँजेल्समध्ये १९८८ साली घर घेणाऱ्या एका महिलेला, तशाच घरात १९७५ पासून राहणाऱ्या काही शेजाऱ्यांच्या सु. पाचपट कर पडला. तिच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी ही पद्धत वैध ठरविली. मुंबईतही भाडेनियंत्रणामुळे गोठलेल्या भाड्यांवर करपात्र मूल्य ठरत असल्याने जुन्या व नव्या इमारतींत अशीच तफावत पडली होती. २०१० पासून तेथे भांडवली मूल्यावर आकारणी सुरू झाली.

गरजूंपुरती सवलत देणारे उपायही आहेत. विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्ये अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी, कर उत्पन्नाच्या मानाने जड झाल्यास काही भाग परत देण्याची योजना आणली. तिला ‘सर्किट ब्रेकर’ म्हणतात. वृद्धांचा कर लांबणीवर टाकून तो घराच्या विक्रीच्या वेळी वसूल करणे, हा दुसरा मार्ग होय. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना करमाफी मिळाली. तिचा निकष मात्र मालकाचे उत्पन्न नसून घराचे क्षेत्रफळ हा आहे.

कॅलिफोर्नियात २०२० मध्ये व्यापारी मालमत्तांना १९७८ च्या संरक्षणातून वगळण्याचा प्रस्ताव मतदारांनी अल्प फरकाने फेटाळला. त्याच मतदानात मंजूर झालेल्या दुसऱ्या प्रस्तावाने वारसांना मिळणारे जुने करपात्र मूल्य मुख्यत्वे ते स्वतः राहत असलेल्या घरापुरते मर्यादित झाले.