अमानत, अपहार आणि न्यासभंग : परक्या मालमत्तेविषयीचा फौजदारी कायदा

महाविद्यालयातील शिक्षकाच्या हाती दुसऱ्याचे पैसे व वस्तू वारंवार येत असतात. सहलीची वर्गणी, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळेचे साहित्य, वर्गात सापडलेला मोबाइल ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. यांपैकी काहीही चोरून आणलेले नसते. त्यामुळे ‘आपण चोरी केलेली नाही’ एवढ्यावरच अनेकजण निश्चिंत राहतात. परंतु वस्तू सरळ मार्गाने हाती आली तरी पुढे तिच्याबाबतीत गुन्हा घडू शकतो. हा गुन्हा नेमका केव्हा घडतो आणि केव्हा घडत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१ जानेवारी १८६२ पासून अमलात असलेल्या भारतीय दंड संहितेत अपहारासाठी कलम ४०३ व ४०४ आणि फौजदारीपात्र न्यासभंगासाठी कलम ४०५ ते ४०९ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हाच विषय कलम ३१४, ३१५ व ३१६ मध्ये आला आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्यांना मात्र जुनीच संहिता लागू राहते.

चोरी आणि अपहार

चोरीमध्ये दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीविना हलवली जाते आणि त्याच क्षणी हेतू अप्रामाणिक असतो. अपहारात सुरुवात निर्दोष असू शकते. हेतू नंतर बदलतो. कायद्यातच दिलेले एक उदाहरण शिक्षकांना जवळचे वाटेल. एखादा मनुष्य स्नेह्याच्या ग्रंथसंग्रहातून त्याच्या गैरहजेरीत पुस्तक वाचायला नेतो. स्नेह्याची संमती गृहीत आहे अशी त्याची समजूत असेल तर ती चोरी नव्हे. पुढे तेच पुस्तक त्याने स्वतःच्या फायद्यासाठी विकले की अपहार होतो.

‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाला कायद्यात ठरावीक अर्थ आहे. एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी करण्याचा हेतू, यांपैकी एक असला तरी पुरेसे आहे. म्हणून ‘मला त्यातून काहीच मिळाले नाही’ हा बचाव दरवेळी टिकत नाही.

‘पगार झाला की भरून टाकीन’

सर्वाधिक गैरसमज येथे आहे. केवळ काही काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहार हाही अपहारच होय, असे कायद्याचे पहिले स्पष्टीकरण सांगते. दुसऱ्याचा सरकारी कर्जरोखा सापडला असता, तो त्याचा आहे हे माहीत असूनही, पुढे परत करण्याच्या इराद्याने तो तारण ठेवून कर्ज काढणारा मनुष्य कायद्याच्या उदाहरणात दोषी ठरवला आहे. सहलीच्या वर्गणीतून घरची नड भागवून पगाराच्या दिवशी ती भरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. परत करण्याची इच्छा असणे आणि वापरण्याचा अधिकार असणे या भिन्न गोष्टी आहेत.

सापडलेली वस्तू

मालकासाठी सांभाळण्याच्या हेतूने वस्तू उचलणे हा गुन्हा नाही. मात्र मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचे वाजवी उपाय न करता व वाजवी काळ न थांबता, ती आपलीशी करणे हा गुन्हा आहे. रस्त्यात सापडलेला बेवारस रुपया आणि नावपत्ता असलेल्या पाकिटातली नोट यांत कायदा भेद करतो. वाजवी काळ किती, हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते. फिक्हमधील ‘लुकता’ या प्रकरणातही सापडलेल्या वस्तूची, सामान्यतः एक वर्ष, जाहीर वाच्यता करण्याचे कर्तव्य सांगितले आहे.

कलम ३१४ खाली आता किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कारावास आणि दंड आहे. जुन्या कलम ४०३ मध्ये किमान मर्यादा नव्हती व नुसत्या दंडावरही सुटका होऊ शकत असे.

न्यासभंग

मालमत्ता विश्वासाने सोपवलेली असेल तर गुन्हा अधिक गंभीर होतो. संस्थेचा खजिनदार, वक्फचा मुतवल्ली, शुल्क घेणारा लिपिक यांच्या हाती परक्याचे धन विश्वासानेच येते. कलम ३१६ खाली सामान्य शिक्षा पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी आहे. लिपिक वा नोकर असल्यास कारावास सात वर्षांपर्यंत जातो. लोकसेवक, बँकर किंवा अभिकर्ता असल्यास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पत्नीने सोपवलेले स्त्रीधन पती वा सासरची मंडळी बळकावत असतील तर तोही न्यासभंग होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात म्हटले. नोकराच्या वेतनातून कापलेली भविष्य निर्वाह निधीची वर्गणी मालकाकडे सोपवलेली रक्कम मानली जाते, हे कर्मचारी म्हणून आपल्यालाही ठाऊक असावे.

गुन्हा केव्हा नाही?

प्रत्येक थकबाकी हा गुन्हा नव्हे. उसने घेतलेले पैसे वेळेवर न फेडणे हा सामान्यतः दिवाणी वाद असतो. निष्काळजीपणाने पैसे हरवणे, हिशोबास उशीर होणे, वस्तू आपलीच आहे असे सद्भावनेने समजणे, यांत अप्रामाणिक हेतू नसतो. मात्र सोपवलेल्या मालाचा हिशोब न देणे व खोटे स्पष्टीकरण देणे यांवरून तसा हेतू अनुमानता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये जयकृष्णदास देसाई प्रकरणात सांगितले. फसवणुकीत हेतू आरंभापासून खोटा असतो, न्यासभंगात विश्वास आधी असतो. म्हणून एकाच वस्तुस्थितीवर दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असे २०२४ च्या दिल्ली रेस क्लब निर्णयात म्हटले आहे.

अमानत हक्कदारांच्या स्वाधीन करावी ही आज्ञा सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत आहे आणि ती आपल्या समाजात लहानपणापासून शिकवली जाते. तिचे रोजच्या कामातले रूप साधे आहे. पैसे घेताच पावती द्यावी. रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संस्थेच्या खात्यात भरावी, स्वतःच्या खात्यात कधीही ठेवू नये. सापडलेल्या वस्तूंची नोंदवही कार्यालयात असावी. ही शिस्त विद्यार्थ्यांच्या पैशाचे रक्षण करते आणि निर्दोष शिक्षकाला संशयापासूनही वाचवते.