क्युबाची राज्यघटना : लोकांनी किती लिहिली?

समाजवादी देशांत राज्यघटना पक्षाच्या कार्यालयात शिजते आणि लोक फक्त टाळ्या वाजवतात, हा समज आपल्याकडे पक्का आहे. क्युबाच्या २०१९च्या घटनेची हकीकत पाहिली, तर तो निम्माच खरा ठरतो.

१३ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर २०१८ या काळात वस्त्या, कारखाने आणि विद्यापीठांतून मसुद्यावर १ लाख ३३ हजारांहून जास्त सभा झाल्या, असं सरकारी आकडेवारी सांगते. प्रशिक्षण घेतलेले दोघे जण सभा चालवत आणि सूचना टिपून घेत: अमुक बदला, तमुक वाढवा, हे काढून टाका, हे कळलं नाही. अशा ७ लाख ८३ हजार नोंदी जमल्या.

त्या सगळ्याच बासनात गेल्या नाहीत. मसुद्यातून गाळलेलं साम्यवादी समाजाचं ध्येय परत आलं. कलम ६८ मध्ये विवाह ‘दोन व्यक्तींमधला’ म्हटला होता. सर्वाधिक सूचना त्यावरच आल्या. चर्चच्या मंडळींनीही विरोधाचा जोर लावला. शेवटी ती व्याख्या मागे घेऊन प्रश्न पुढच्या कौटुंबिक कायद्यावर सोपवण्यात आला. लोकांना विचारलं की निकाल पुरोगामीच लागतो, असं मानणाऱ्यांनी हे कलम जरूर अभ्यासावं.

‘इतक्या सभा झाल्या, म्हणजे सगळं लोकांनीच ठरवलं’ हा उलटा भ्रम मात्र जास्त घातक आहे. राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडावा, अशा ११ हजारांहून जास्त सूचना आल्या. त्या फेटाळल्या गेल्या. कम्युनिस्ट पक्षाचं सर्वोच्च नेतृत्व सांगणारं कलम ५ जागचं हललं नाही. मसुदा आयोगाचे प्रमुख होते राउल कास्त्रो, म्हणजे पक्षाचेच प्रथम सचिव. सूचना कोणीही करावी. घ्यायची कोणती, हे मात्र वरच ठरत होतं.

निवडणुकांचंही तसंच. नगरपालिकेसाठी वस्तीच्या सभेत शेजारीच नाव सुचवतात, वर झालेले हात मोजले जातात आणि एका जागेला किमान दोन उमेदवार लागतात. राष्ट्रीय सभेच्या वेळी ही चुरस संपते: मार्च २०२३ मध्ये जागा ४७०, उमेदवारही ४७०.

घटनेवरचं सार्वमत २४ फेब्रुवारी २०१९ला झालं. सुमारे ८७ टक्के मतं बाजूने पडली. कौटुंबिक कायद्यावर सप्टेंबर २०२२ मध्ये मतदान झालं, तेव्हा सरकारी माध्यमांनी होकाराचा उघड प्रचार केला. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा तो कायदा सुमारे ६७ टक्क्यांनी मंजूर झाला. उरलेल्या जवळजवळ एक तृतीयांश मतदारांनी नकार नोंदवला.