पिशवी निघाली, आता पुढे काय? स्टोमा रिव्हर्सलनंतरचे महिने

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लेखी अवतार. जसाच्या तसा टाइप केला असता तर अर्धा मजकूर 'म्हणजे', 'अं' आणि माझा खोकला एवढाच झाला असता, म्हणून थोडा साफसूफ केलाय. आणि नेहमीसारखं आधीच सांगून टाकतो: मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण माझ्या वडिलांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पोटावर स्टोमा आला, मग काही महिन्यांनी तो बंद झाला. या सगळ्यात जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि घरात पाहिलं, ते आज सांगणार आहे. जेवताना ऐकत किंवा वाचत असाल तर जेवण आधी उरका. आज संडास हा शब्द बऱ्याचदा येणार आहे.

पहिल्यांदा स्टोमा कशासाठी, ते थोडक्यात. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. तिथली गाठ काढली की वरचं आतडं खाली आणून जोडतात. हा जोड जितका खाली, तितका तो गळण्याचा धोका जास्त. आणि पोटाच्या आत मळ गळणं म्हणजे जिवावरचं प्रकरण. म्हणून जोड भरून येईपर्यंत वाहतूक वळवतात. पुलाचं काम चालू असताना गाड्या बाजूच्या रस्त्याने काढतात ना, तसंच. लहान आतड्याचं एक वेटोळं पोटावर बाहेर काढतात आणि तिथे पिशवी लावतात. हे उगाच करतात का? स्वीडनमध्ये २३४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. स्टोमा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांना जोड गळल्याचा त्रास झाला, स्टोमा असलेल्यांपैकी १०.३ टक्क्यांना. एवढा फरक असेल तर पिशवीचा वैताग परवडला.

रिव्हर्सल म्हणजे ते वेटोळं सोडवून, दोन्ही तोंडं पुन्हा जोडून आत ढकलणं. घाई केली तरी साधारण ८ ते १२ आठवडे थांबतातच, आणि मध्ये केमो असेल तर सहा महिने किंवा त्याहून जास्त सहज जातात. आधी खालचा जोड तपासतात: खालून औषध सोडून एक्स-रे काढतात किंवा दुर्बिणीतून बघतात. असा वेटोळ्याचा स्टोमा बहुतेक वेळा त्याच भोकातून बंद करता येतो, अख्खं पोट पुन्हा उघडावं लागत नाही. मोठ्या आतड्याचं एक टोक पोटावर आणि दुसरं टोक आत बंद करून ठेवलं असेल, तर मात्र ते जोडणं मोठं ऑपरेशन असतं. तुमचा प्रकार कुठला, हे सर्जनला स्पष्ट विचारा. शेजारच्या काकांचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

हॉस्पिटलमधले पहिले दिवस एका प्रश्नाभोवती फिरतात: 'गॅस पास झाला का?' डॉक्टर विचारतात, सिस्टर विचारतात, भेटायला आलेली आत्या विचारते. हात लावला की आतडं काही दिवस रुसतं, हलायचंच बंद होतं. पोट फुगतं, मळमळतं, उलटी होते. बहुतेकांचं आपोआप सुटतं, काहींना नाकात नळी घालून थांबावं लागतं. लवकर उठून चालणं हा यावरचा सगळ्यात साधा उपाय. काही सर्जन च्युइंग गम चघळायला देतात. चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय. माझे वडील निवृत्त शिक्षक. वॉर्डमध्ये च्युइंग गम चघळताना त्यांना जेवढा संकोच वाटला तेवढा पिशवीचाही वाटला नव्हता.

जखमेबद्दल एक गोष्ट आधी माहीत असली तर दचकायला होत नाही. स्टोमाच्या जागची कातडी बरेच सर्जन पूर्ण शिवत नाहीत. बटव्याची दोरी ओढावी तशी कडेने ओढून घेतात आणि मध्ये छोटं भोक ठेवतात. त्यातून पाणी झिरपून जातं, पू धरण्याची शक्यता कमी होते आणि जखम आतून वर भरत येते. याला काही आठवडे लागतात, ड्रेसिंग करत राहावं लागतं. त्या जागी पोटाची भिंत कच्ची असते, तिथे हर्निया होऊ शकतो. म्हणून साधारण सहा आठवडे वजन उचलायचं नाही. आपल्या घरात वजन म्हणजे जिम नव्हे. पाण्याची बादली, सिलिंडर, दळणाचा डबा, कडेवर घे म्हणणारं नातवंड.

आता मुख्य मुद्दा. सगळ्यांची समजूत असते की पिशवी निघाली म्हणजे संपलं. पेढे वाटले जातात. आणि मग घरी आल्यावर माणूस दिवसातून दहा-पंधरा वेळा संडासात जातो. एकदा जाऊन येतो, हात धुतो, बसतो, पाच मिनिटांत परत उठतो. असं तासाभरात चार वेळा. आली की आलीच, थांबवता येत नाही. गॅस आहे की मळ आहे, तेच कळत नाही.

हे का होतं? गुदाशय हा आपला बफर आहे. (माझ्या धंद्यातला शब्द आला, पण चपखल आहे.) मळ तिथे जमा होतो, भिंत ताणली गेली की मेंदूला निरोप जातो आणि आपण सोयीची वेळ बघून जातो. तो बफरच कापून काढलाय. त्या जागी आलेल्या आतड्याला साठवायची सवय नाही. थोडं आलं की ते पुढे ढकलतं. शिवाय गुदद्वाराचे स्नायू कित्येक महिने बिनकामाचे होते, मोठं आतडं रिकामं पडून आक्रसलेलं. रेडिएशन झालं असेल तर तिथले स्नायू आणि नसा आणखी कडक आणि हळव्या झालेल्या असतात. म्हणजे यात रुग्णाचा हलगर्जीपणा नाही आणि सर्जनने काही चुकवलंय असंही धरायचं कारण नाही.

या त्रासाला नाव आहे, लार्स. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये त्यासाठी पाच प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली: गॅस रोखता येतो का, पातळ मळ निसटतो का, दिवसातून किती वेळा, पुन्हा पुन्हा लगेच जावं लागतं का, घाईची लागते का. शून्य ते ४२ असा आकडा येतो. २० पर्यंत त्रास नाही, २१ ते २९ सौम्य, ३० आणि त्यावर तीव्र. डॉक्टरांसमोर बसल्यावर 'बरं आहे' एवढंच बोलणाऱ्या पिढीसाठी हे फार उपयोगी आहे. मी बाबांना गुगल शीट करून दिली होती. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीने रेघा मारल्या. पहिल्या महिन्यात चौकोन पुरत नव्हते. पण तेच पान फाडून डॉक्टरांना दाखवलं आणि पुढचं सगळं बोलणं त्यावरच झालं.

काय केलं की फरक पडतो? आधी खाणं. सुरुवातीला मऊ, कमी चोथ्याचं: गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, दही, केळं, उकडलेला बटाटा, इडली, साबुदाण्याची पेज. भात, केळं, बटाटा, साबुदाणा यांनी मळ थोडा घट्ट होतो. चवळी-वाल-छोले, कोबी, फ्लॉवर, कच्चा कांदा, मक्याचं कणीस, पालेभाज्या हे पहिले काही आठवडे लांब. ठेचा आणि मिसळ यांच्याबद्दल तर काय बोलावं; जाताना जेवढी झोंबते त्याहून जास्त येताना झोंबते. दूध आणि कडक चहा-कॉफीने काहींना लगेच पळावं लागतं, काहींना काही होत नाही. म्हणून एका वेळी एकच नवीन पदार्थ, आणि दोन-तीन दिवस बघायचं. थोडं थोडं चार-पाच वेळा खा.

आणि इथे धोका आहे, म्हणून जरा थांबतो. बरेच जण खाणंच सोडतात. बाहेर जायचं आहे? मग सकाळपासून उपाशी. पाणीही नाही. बाबांनी हेच सुरू केलं होतं. वजन केमोत आधीच उतरलेलं, त्यात हे. पोट रिकामं ठेवलं म्हणून हालचाल थांबत नाही. उलट नुसतं पित्त खाली येतं आणि कातडी जाळतं. शिवाय अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं. जुलाबासारखं होत असेल त्या दिवशी नुसतं पाणी पीत राहू नका, ओआरएस घ्या. लघवी कमी आणि गडद झाली, उठताना चक्कर आली, तर ते मनावर घ्या.

औषधांत मुख्य लोपेरामाइड. आतड्याची चाल मंद करतं, म्हणून बहुतेक वेळा जेवणाआधी अर्धा तास देतात. किती आणि केव्हा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पोट फुगलंय, ताप आहे किंवा मळातून रक्त जातंय अशा वेळी ते आपल्या मनाने अजिबात घ्यायचं नाही. दुसरं इसबगोल. आपल्याकडे ते पोट साफ व्हायला घेतात, त्यामुळे आई म्हणाली, 'अरे, आधीच एवढं होतंय, त्यात इसबगोल कशाला?' प्रश्न रास्तच होता. ते पाणी शोषून फुगतं, त्यामुळे पातळ मळालाही आकार देतं आणि तुकड्या-तुकड्याने होण्याऐवजी एकदम व्हायला मदत करतं. मात्र किती पाण्याबरोबर, हे विचारून घ्या, कोरडं तोंडात टाकू नका.

कातडी. दहा वेळा पुसून ती सोलवटते आणि मग प्रत्येक वेळ म्हणजे शिक्षा. इथे आपल्याकडची पाण्याने धुण्याची सवय उपयोगी पडते. कोमट पाणी, साबण नाही, जंतुनाशकं तर नकोच. मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही, आणि वर झिंक ऑक्साइडचं मलम, लहान बाळांच्या रॅशला लावतात तेच. हे दुखायला लागायच्या आधी, पहिल्या दिवसापासून लावा.

व्यायाम: गॅस रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. सर्जनने परवानगी दिली की रोज, काही महिने. कळत नसेल तर या विषयातले फिजिओथेरपिस्ट असतात, बायोफीडबॅकचं मशीन लावून शिकवतात. तरीही तीव्र त्रास उरला तर खालून पाण्याने आतडं धुऊन काढायची पद्धत आहे. सकाळी एकदा केलं की पुढचे बरेच तास मोकळे मिळतात. हे उपाय आहेत, पण विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही, म्हणून विचारा.

किती दिवस? बहुतेकांचं पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात बरंच सुधारतं, नंतर दोनेक वर्षांपर्यंत हळूहळू. जे उरतं ते बहुधा उरतंच, आणि पूर्वीसारखं अगदी शंभर टक्के होईलच असं नाही. हे ऑपरेशनच्या आधी स्वच्छ सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कारण नवव्या आठवड्यात बाबा म्हणाले, 'यापेक्षा ती पिशवी बरी होती.' घरात सगळे गप्प. आई चिडली, एवढं सोसलं ते कशासाठी म्हणून. पण मी नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, माणूस बरोबर बोलत होता. पिशवी असताना ते साताऱ्याहून पुण्याला एसटीने एकटे यायचे. पिशवी निघाल्यावर खंबाटकी घाटात लागली तर काय, या एका विचाराने त्यांनी तिकीट काढणं बंद केलं. काही जण दोन वर्षं सगळं करून बघतात आणि मग विचारपूर्वक कायमचा स्टोमा मागून घेतात. तो पराभव वगैरे नाही. ज्याला त्या शरीरात राहायचंय, त्याचा तो निर्णय आहे.

बाबांच्या रेघा आता चार-पाचवर आल्यात. एसटी सुरू झाली आहे. पहाटेची गाडी पकडत नाहीत, सकाळचा एक झपाटा उरकला की निघतात. सोबत एक थैली असते: जास्तीची चड्डी, पँट, पाण्याची बाटली, मलम, प्लॅस्टिकची पिशवी, पॅड. पॅड मेडिकलमधून आणायला ते स्वतः कधीच गेले नाहीत, मी ऑनलाइन मागवतो. हायवेवरचे कुठले हॉटेल संडास वापरायला कुरकुर न करता देतं, हे त्यांना तोंडपाठ आहे.

आता थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं, अशी लक्षणं: ताप आणि थंडी, वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगून कडक होणं, उलट्या, गॅस आणि मळ दोन्ही पूर्ण बंद होणं, मळातून बरंच रक्त, जखमेतून पू किंवा मळासारखं काही येणं. रात्र असली तरी. फोनवर फॅमिली डॉक्टरांना विचारत सकाळची वाट बघू नका.

गेल्या भागानंतर एका ताईंनी विचारलं होतं की उरलेल्या पिशव्यांचं काय करायचं. फेकू नका. एकेक पिशवी काही शे रुपयांची असते आणि ती परवडत नाही म्हणून धुऊन धुऊन वापरणारे लोक आहेत. न उघडलेल्या, मुदत न संपलेल्या पिशव्या आणि पेस्ट तुमच्या हॉस्पिटलच्या स्टोमा क्लिनिकमधल्या सिस्टरकडे द्या. फक्त रिव्हर्सलनंतर पहिले काही महिने थांबा, आणि मापाचा कागद डब्यातच ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला कळतं आपल्याला बसेल की नाही.